बिनइंजिनाचं गलबत

नाखव्याच्या गलबतावर पूर्वी इंजिन होतं, चांगलं धडधाकट. पण लेक म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना ती धडधड नको असते. चार दिवस, पाच बेटं, फक्त शीड आणि वारा, अशी जाहिरात करू." केली. आठ-आठ जणांच्या टोळ्या यायला लागल्या, तसं नाखव्याने इंजिन उपटलं आणि मेहुण्याच्या अंगणात नेऊन टाकलं. आता त्याच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालतात.

आज तीच लेक परदेशी चालली होती. इस्पितळातली नोकरी, तीन वर्षं सुट्टी नाही. शेवटच्या बेटावरून चारची मोठी बोट. नाखव्याने बेत चोख आखला होता. दोनला धक्क्याला लागायचं आणि दोन तास पोरीजवळ बसायचं. पण साडेबाराला, धक्का समोर दिसत असताना, वारा पडला. असा पडला की शीड दोरीवरच्या ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं.

धक्का जेमतेम दीड मैलावर होता.

पाहुणे बेहद्द खूश. कोणी पाण्यात पाय सोडले, कोणी फोटो काढले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "इतकी शांतता आयुष्यात अनुभवली नाही हो." नाखव्याने हसून मान डोलावली. पाहुण्यांसमोर तोंड पाडायचं नाही, हा नियम त्याचाच. आतून मात्र जीव टांगणीला लागला होता.

ओळखीच्या कोळ्याला त्याने फोन केला. त्याची मोटरबोट नेमकी रंगवायला वर काढलेली. मग गलबतावर स्वयंपाकाला असलेला मेहुणा मागे बांधलेल्या छोट्या होडीत उतरला आणि दोर बांधून गलबत ओढायला लागला. तासभर वल्ही मारून त्याच्या तळहातांना फोड आले. गलबत होतं तिथेच.

"दाजी, तुम्ही एकटेच जा होडीतून," तो धापा टाकत म्हणाला. "मी सांभाळतो इथे."

मेहुण्याच्या हाताला चव होती, पण सुकाणू त्याने कधी धरलं नव्हतं. प्रवाह हळूहळू खडकांकडे ओढत होता, आणि पाणी इतकं खोल की नांगर तळाला पोचेना.

"आठ जीव आहेत वर," नाखवा म्हणाला.

तीनला लेकीचा फोन आला. "बाबा, शीड दिसतंय तुमचं. किती वेळ?"

"आलोच," तो म्हणाला. स्वतःच्या खोटेपणाची त्याला लाज वाटली.

चारला बोटीचा भोंगा वाजला. आता मात्र मेहुण्याला राहवलं नाही, त्याने पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं. पाहुणे हळहळले. "अहो, बोलायचं नाही का आधी!" बिचारी भली माणसं होती. बोट जवळून जाणार म्हटल्यावर चष्मेवाल्या बाईंनी सगळ्यांना एका बाजूला गोळा केलं. आठ जण कठड्याला खेटून उभे राहिले आणि टोप्या, रुमाल, टॉवेल, मिळेल ते हलवायला लागले. मेहुणाही त्यांच्यात घुसला.

एवढं वजन एकीकडे गेल्यावर गलबत कललं. त्यात बोटीच्या लाटा येऊन आदळल्या. नाखव्याने दोन्ही हातांनी सुकाणू आवळून धरलं, पाय फळीला रोवले आणि "खाली बसा, खाली बसा" म्हणून ओरडत राहिला. त्याच्यापुढे नुसत्या पाठी होत्या. त्यांच्या फटींतून बोटीचा पांढरा पत्रा सरकत गेला, तेवढाच दिसला.

लाटा शमल्या तेव्हा बोट लांब गेली होती. खिशातला फोन वाजला.

"बाबा, केवढे हात होते," लेकीचा आवाज रडवेला झाला होता. "तुमचा कुठला ते कळलंच नाही. केलात ना तुम्ही?"

"केला की," नाखवा म्हणाला. "दोन्ही केले."