दोघी, नाहीतर कोणीच नाही

कालबूबू म्हातारीने सांभाळायला एकच मुलगी मागितली होती, चार वर्षांची बेगिमाय. तिची थोरली बहीण आयझिरेक सांभाळायला दिलेल्या दोन घरांतून पळालेली. तिला अनाथाश्रमातच राहू द्या, असं नारिन शहरातल्या बालकल्याण कचेरीच्या साहेबांनी फर्मावलं होतं. पण समाजसेविका बुरुलचाने दोघी बहिणींना गाडीत घातलं आणि घाट ओलांडून कालबूबूचं दार गाठलं.

"ही मोठी कशाला आणलीस?" कालबूबू कडाडली.

"आजी, ती पळाली ती धाकटीसाठी. दोन्ही वेळा आश्रमाच्या फाटकाशी सापडली. आता मी यांची ताटातूट करणार नाही. ठेवायच्या तर दोघी, नाहीतर दोघींना घेऊन परत जाते."

"धमकी देतेस मला?"

"हो." हे नोकरीवर बेतेल हे बुरुलचाला ठाऊक होतं, पण तिचा आवाज कापला नाही.

म्हातारीने थोरलीला न्याहाळलं. "काय गं, दूध काढता येतं?"

"घोडीचंसुद्धा," धाकटीचा हात घट्ट धरून आयझिरेक म्हणाली.

"बढाया नकोत, सकाळी बघतेच. या आत, चहा निवतोय."

बुरुलचाने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि दोघी इथेच राहतील म्हणून सांगून टाकलं.