रिकामी मोजणी

प्रेसचा पंच खाली आला, पत्र्याचं झाकण कापून वर गेला. हिरवा दिवा लागला, जाळी उघडली. मॉनिकाने लगेच शेवग्याची शेंग आत सरकवली.

पंच पुन्हा खाली आला.

शेंगेचा अर्धा तुकडा तिच्या हातात राहिला. मशीनच्या पलीकडे उभ्या असलेल्या जयवंतने बटणावरचं बोट काढून घेतलं.

"ब्रेक तापला की होतं," तो म्हणाला. "सकाळी थंड होता तेव्हा बरोबर थांबत होता."

रविवार होता. मुलुंडच्या त्या कारखान्यात पहारेकऱ्याशिवाय कोणी नव्हतं. प्रेस चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड अंधेरीच्या त्यांच्या कंपनीने बनवलं होतं. वायरिंग जयवंतचं, आतला प्रोग्राम मॉनिकाचा. गेल्या सोमवारी याच प्रेसमध्ये धाकू नावाच्या कामगाराची उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

मॉनिकाने हातातला तुकडा खाली ठेवला.

"कार्डावरची चिप कोणती आहे, जयवंत?"

"जुनी मिळेना. पावसाळ्यानंतर नवीन आली ना, ती बसवली. तीच आहे गं सगळी, फक्त दुप्पट फास्ट." बोलता बोलता तो थांबला. "का गं?"

पंच वर गेल्यावर त्याला चालवणारं चाक पूर्ण थांबायला थोडा वेळ लागतो, ब्रेक तापला की जास्तच. तेवढा वेळ जाळी बंद राहायला हवी, म्हणून तिने प्रोग्रामला नुसतं मोजायला लावलं होतं. दुसरं काही करायचं नाही, ठरावीक आकड्यापर्यंत मोजायचं, मग जाळी उघडायची. आकडा तिने जुन्या चिपवर पाच-पन्नास वेळा तपासून ठरवला होता. नवी चिप तोच आकडा निम्म्या वेळात मोजून मोकळी होत होती.

"मला सांगायचं ना रे," ती म्हणाली.

"तू मोजून थांबतेयस हे मला कुठे माहीत होतं?"

मॉनिकाने मशीनचा स्विच बंद केला. मग जयवंत हळू आवाजात म्हणाला, "आपले अनंतसाहेब म्हणालेत, काय असेल ते दुरुस्त करा आणि निघा. कारखान्याने माणसाची चूक धरलीय. प्यायलेला होता म्हणे. आपण कशाला मध्ये पडा?"

मॉनिकाने कार्डावरची दुसरी, प्रोग्राम साठवलेली चिप उपसून घेतली. दुपारी अंधेरीला ऑफिसात तिने ती जुना प्रोग्राम पुसणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली धरून कोरी केली आणि आकडा वाढवून पुन्हा भरली. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी ती बसवली, ब्रेक तापेपर्यंत प्रेस चालवून पाहिला. जाळी आता चाक थांबल्यावरच उघडत होती. आपण उद्या इस्पितळात जाणार आहोत, हे तिने जयवंतला सांगितलं नाही.

धाकूची खाट वॉर्डच्या टोकाला होती. खाटेपासून हातभर दूर स्टूल ओढून त्याची बायको रुक्मिणी बसली होती. मॉनिकाने आपण कोण ते सांगितलं, तसा धाकू उठून बसायला धडपडला.

"दिवो हिरवो होतो, बाय," तो म्हणाला. "माझ्या चेडवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतंय. मी घेतली नव्हती."

रुक्मिणी खिडकीकडे बघत होती.

"गिरणी बंद पडल्यावर प्यायचो. नाय म्हणत नाय. पण दोन वर्षां झाली, शिवलो नाय. साहेब आयकत नाय, ही पण आयकत नाय. आठ दिवसांत माझ्याशी बोलली नाय."

"दिवा हिरवाच होता," मॉनिका म्हणाली. "तुमची चूक नव्हती. मशीन लवकर उघडत होतं. ते प्रोग्रामचं काम माझं आहे. चूक माझी."

धाकूने मान वळवून बायकोकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण पुसायला डावा हात वर नेण्याचंही त्याला सुचलं नाही.

"आयकलंस?" तो म्हणाला.

रुक्मिणी उठली. तिने मॉनिकाकडे शांतपणे पाहिलं.

"माझा भाऊ गुणाजी त्याच कारखान्यात आहे. आज सकाळपासून त्याच मशीनवर होता. आत्ताच येऊन गेला. मुद्दाम हात मागे ठेवून बघत होता म्हणाला. मशीन एकदा पण चुकलं नाय."

"आज चुकणार नाही. काल मी दुरुस्त केलं."

"काल."

"हो. मी कारखान्याच्या साहेबांना सांगेन. सरकारी इन्स्पेक्टरसमोर सांगेन."

"तुम्ही भल्या आहात, बाय. नायतर कोण येतंय इथे?" रुक्मिणीच्या आवाजात राग नव्हता. "पण ह्यांची बाजू घेऊ नका. घेतली नाय, घेतली नाय, हे मी किती वर्षं ऐकतेय. हात गेला त्याचं काय नाय. खोटं बोलतात, ते सोसवत नाय."

"मी खरं सांगतेय हो."

रुक्मिणी थोडं हसली, आजाऱ्याची समजूत काढायला आलेल्या माणसाकडे बघून हसावं तशी.

वॉर्डबॉय गाडी ढकलत गेला. धाकू पांढऱ्या बँडेजकडे बघत होता. मग तो म्हणाला,

"घेतलेली मी."

रुक्मिणी वळली.

"कधी?"

"जेवणाच्या सुट्टीत. जराशी."

"धाकू—" मॉनिका पुढे झाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी, बायकोला दिसणार नाही इतकी.

रुक्मिणी खाटेच्या कडेवर टेकली. तिने त्याचा बँडेजमधला हात दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला. पदराने त्याचे डोळे पुसले.

"एवढंच तर विचारत होते," ती म्हणाली. "एवढंच."

मग मॉनिका अजून उभीच आहे, हे तिच्या लक्षात आलं. रिकामं झालेलं स्टूल तिने पायाने पुढे सरकवलं.

"बसा ना, बाय. उभ्या का?"