मान्यता नसलेला शनिवार

मंगळवारी शाळा सुटल्यावर लुतगार्त घरी आली, तेव्हा पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेलं होतं. ओमेरनं, तिच्या नवऱ्यानं, ते उघडून वाचूनही टाकलं होतं. तो बटाटे सोलत बसला होता.

"सहा महिने," तो मान वर न करता म्हणाला. "तुझा परवाना बंद. मान्यता नसलेल्या स्पर्धेत पंच म्हणून बसलीस म्हणे."

"कोणाची सही आहे?"

"कोणाची असणार? तुझ्या इवोची."

लुतगार्त कोट न काढताच खुर्चीवर टेकली. बावीस वर्षं ती घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धांना पंच म्हणून जात होती. बेल्जियममधल्या आमच्या पूर्व फ्लँडर्समध्ये मार्च ते ऑक्टोबर जवळपास दर शनिवारी कुठे ना कुठे मैदान आखलेलं असतं. ती सकाळी सातला डबा घेऊन निघायची, लाकडी खोपट्यात घंटेपाशी बसायची, कोणत्या घोड्यानं कुठली दांडी पाडली ते टिपायची आणि संध्याकाळी घसा बसलेला घेऊन परत यायची. मोबदला म्हणाल तर पेट्रोल आणि वाटीभर सूप. चौथीच्या वर्गाला शिकवून थकलेली बाई शनिवारीही का जाते, हे ओमेरला कधी कळलं नाही. तिलाही नीट सांगता आलं नसतं.

झालं होतं एवढंच. गावाबाहेर मोठा तबेला असलेल्या फिर्मिननं स्वतःची स्पर्धा भरवायची ठरवली. स्पर्धांना मान्यता देणाऱ्या घोडेस्वार संघाकडे दोनदा परवानगी मागितली, दोनदा नकार आला. कारण दिलं ते असं, की त्या महिन्यात संघाच्या स्वतःच्या स्पर्धा आहेत. मग त्यानं परवानगीविनाच भरवली आणि लुतगार्तला फोन केला. "मास्तरीणबाई, तुम्ही नसाल तर पोरं मला विचारणार नाहीत. या एकदा." त्या शनिवारी दुसरीकडे काहीच नव्हतं. तिच्या हाताखाली शिकलेली चार मुलं तिथे घोड्यावर बसणार होती. ती गेली.

तिनं इवोला फोन लावला. तो संघाचा जिल्हा-चिटणीस. तिच्यासोबतच पंचाची परीक्षा दिलेला.

"इवो, हे काय आहे?"

"लुतगार्त, नियम आहे. स्वार असो, घोडा असो, पंच असो. बाहेरच्या स्पर्धेत गेला की सहा महिने. तुला माहीत होतं."

"कागदावर होता. आजपर्यंत कोणाला लावलात?"

"वरून यादी आली. एकवीस नावं. मी काय करू?"

"फोन तरी करायचा होतास. पत्र यायच्या आधी."

तो म्हणाला, "हो, करायला हवा होता." आणि तेवढ्यावर फोन ठेवला.

पहिले काही शनिवार तिनं कपाटं आवरली. मग आवरायला कपाटं उरली नाहीत. ओमेर निवृत्त बसचालक; त्याला घरी बसायची सवय होती, तिला नव्हती. ती खिडकीशी कॉफी घेऊन उभी राहायची आणि मागे घोड्याची गाडी जोडलेल्या मोटारी रस्त्यानं जाताना बघायची.

"स्पर्धेत स्पर्धा नको, असा नियम केलाय तुमच्या संघानं," ओमेर म्हणाला. तिला हसू आलं नाही.

महिनाभरानं फिर्मिन एका वकीलबाईंना घेऊन दारात आला. केकही आणला होता. वकीलबाई तरुण होत्या, भरभर बोलत.

"बाई, आम्ही ब्रसेल्सला, स्पर्धा आयोगाच्या कार्यालयात, तक्रार करतोय. व्यापारातल्या स्पर्धेचा कायदा असतो ना, त्याखाली."

"व्यापाराचा कायदा सिमेंटवाल्यांना असतो," लुतगार्त म्हणाली. "टेलिफोन कंपन्यांना. घोड्यांना कुठला आलाय?"

"तुमचा संघ प्रवेश फी घेतो? जाहिरातींचे फलक लावतो? तिकिटं विकतो? मग बाजार आहे. आणि त्या बाजारात दुसऱ्यानं दुकान मांडावं की नाही, हे ठरवतोही संघच. स्वतःचं दुकान असलेला माणूस शेजारच्या दुकानाला परवाना देणार का?"

"पण नियम तर हवेत. कोणीही उठून स्पर्धा भरवली तर घोड्यांचे पाय मोडतील."

"नियम करायला कोणाची ना नाही. फक्त त्यामागे खरं कारण हवं, आणि नियम त्या कारणापुरताच हवा. तुम्ही साक्ष द्याल?"

तिनं हो म्हटलं. रागात म्हटलं, हे तिला पुढे कितीदा तरी आठवलं. फिर्मिननं केक कापला, स्वतःच दोन तुकडे खाल्ले आणि गेला.

सहा महिने संपले. परवाना परत आला, पण बोलावणी पूर्वीसारखी आली नाहीत. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. "या वेळी नव्या पोरांना संधी देतोय," असं सांगायचे. पहिल्या वर्षी ती पाच शनिवार गेली, दुसऱ्या वर्षी दोन. खोपट्याची शिडी चढताना गुडघे दुखायला लागले होते. पूर्वीही दुखत असतील, तेव्हा लक्ष जात नव्हतं.

खटला म्हणावा तसा तो खटला नव्हता. ब्रसेल्सच्या त्या कार्यालयातून प्रश्नांच्या याद्या यायच्या. सव्वीस पानांची एक, मग चौदा पानांची. तुमच्या मते जवळपासच्या कोणत्या स्पर्धा एकमेकींना पर्याय ठरू शकतील? स्वार किती अंतर प्रवास करतो? ती वह्या तपासून झाल्यावर त्याच टेबलावर बसून उत्तरं लिहायची. सुनावणीची तारीख तीनदा पडली आणि तीनदा पुढे गेली. एकदा तर ती आगगाडीत बसल्यावर निरोप आला. ती पुढच्या स्टेशनवर उतरली आणि उलट्या गाडीची वाट बघत बाकावर पाऊण तास बसून राहिली. संताप यावा असं वाटत होतं, पण आला नाही. नुसती झोप येत होती.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, सुनावणी झाली. खोलीला खिडकी नव्हती. एका बाजूला फिर्मिन आणि त्याच्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला संघाचे दोन वकील आणि त्यांच्या कडेला इवो. केस पार पांढरे झाले होते त्याचे. तिनं मान हलवली, त्यानंही हलवली.

संघाचा मोठा वकील उठला. मऊ आवाजाचा माणूस.

"बाई, हा नियम घोड्यांच्या सुरक्षेसाठी आहे, हे तुम्हाला मान्य?"

"तसं लिहिलंय त्यात."

"त्या शनिवारी, फिर्मिन यांच्या तबेल्यावर, स्पर्धा सुरू होताना घोड्यांचा डॉक्टर हजर होता?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. फिर्मिन तिच्याकडे बघत होता. तयारी करताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि तिनं आपण होऊन सांगितलंही नव्हतं.

"नव्हता," लुतगार्त म्हणाली. "चाळीस मिनिटं उशिरा आला. अकरा घोडे त्याच्याविना धावले. मी थांबवायला हवं होतं. फिर्मिन म्हणाला, वाटेतच आहे, आता पोचेल. मी घंटा दिली."

"धन्यवाद, बाई." वकील समाधानानं खाली बसायला लागला.

"माझं झालं नाही," ती म्हणाली. वर्गात म्हणते तशीच म्हणाली, आणि तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला. "संघाच्या स्वतःच्या स्पर्धांतही डॉक्टर उशिरा येतो. मी दर वेळी अहवालात लिहिलंय. एका वसंतात तीनदा लिहिलं. एकदा तर तो दुपारच्या जेवणानंतर उगवला. त्याबद्दल कोणाचा परवाना गेला नाही. माझाही नाही, भरवणाऱ्याचाही नाही."

समोर बसलेल्या अधिकारीबाई इतका वेळ टिपणं घेत होत्या. त्यांनी चष्मा काढला. "असे अहवाल आमच्याकडे आलेले नाहीत. संघाकडे आहेत?"

मोठा वकील घाईनं म्हणाला, "जुनी कागदपत्रं जागा बदलताना गहाळ झाली असल्याची शक्यता..."

"मी चिटणीसांना विचारतेय."

इवो उभा राहिला. टेबलाची कड धरून राहिला. लुतगार्तला वाटलं, बसतोय हा खाली आता. आणि खरं सांगायचं तर तिला वाटलं, बसला तरी मी काही म्हणणार नाही. इतकं झालंय, अजून एक.

"मिळाले होते," इवो म्हणाला. "तिन्ही. माझ्या कपाटात आहेत. मी वर कळवलं होतं. उत्तर आलं नाही."

मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी फिर्मिननं तिला गाठलं.

"मास्तरीणबाई, तुम्ही माझ्या बाजूनं आला होतात ना? अकरा घोडे मोजून सांगायची काय गरज होती?"

"त्यानं विचारलं."

"आठवत नाही म्हणायचं! तीन वर्षं झाली, कोणाला आठवतं?"

"मला आठवतं, फिर्मिन."

"म्हणूनच तुम्हाला कोणी बोलवत नाही," तो म्हणाला आणि पेला तसाच टाकून निघून गेला. ते तिला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. पत्र जाडजूड होतं. ओमेरनं चष्मा लावून मधली पानं वाचून दाखवली. संघाला सुरक्षेचे नियम करता येतील, पण ते सगळ्यांना सारखे हवेत, संघाच्या स्वतःच्या स्पर्धांनाही. परवानगी द्यायची की नाही हे आता वेगळी समिती ठरवेल, तिच्यात संघाच्या स्पर्धा भरवणारा कोणी नसेल आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागेल. बाहेरच्या स्पर्धेत गेल्याबद्दल सहा महिन्यांची बंदी रद्द.

"जिंकलीस की," ओमेर म्हणाला.

"कोण जिंकलं?"

त्यानं पान उलटून पाहिलं, जणू ते तिथे लिहिलेलं असेल. मग पत्र घडी घालून खणात ठेवलं.

फिर्मिनला वर्षाच्या आठ तारखा मिळाल्या. संघानं त्याच्याशी जुळवून घेतलं. पेपरात अध्यक्षांसोबत हात मिळवतानाचा त्याचा फोटो आला. ज्या एकवीस जणांचे सहा महिने गेले होते, त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. त्यातल्या एका मुलीनं मधल्या काळात घोडा विकून टाकला होता आणि गेंटला शिकायला गेली होती. फिर्मिनच्या पहिल्या स्पर्धेला पंच म्हणून अँटवर्पहून कोणी तरुण बोलावला. लुतगार्तला ना फिर्मिनचा फोन आला, ना संघाचा. त्या वर्षी ती शाळेतूनही निवृत्त झाली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी इवो सायकलवरून आला. ती मागच्या बागेत घेवडा तोडत होती. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि न विचारता दुसरी टोपली उचलली. दोघांनी मिळून एक अख्खी रांग तोडली.

"मी चिटणीसपद सोडलं," तो म्हणाला. "म्हणजे, सोड म्हणाले. एकच झालं."

"ऐकलं मी."

"त्यांनी मला सुनावणीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, अहवाल सापडत नाहीत म्हण. मी बरं म्हटलं होतं, लुतगार्त. घरून निघेपर्यंत तेच म्हणणार होतो."

"मग?"

"तू अकरा घोडे म्हणालीस."

ती कंबर धरून सरळ झाली. ऊन चांगलंच लागत होतं.

"त्या पत्रावर मी सही केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती," इवो म्हणाला. "हे मी इतके दिवस स्वतःला सांगतोय."

"खरंच आहे ते. केली असती कोणीतरी. पण तू केलीस."

"हो."

"आणि फोन केला नाहीस."

"नाही केला."

ओमेरनं आतून विचारलं, कॉफी किती जणांची? तिनं तीन म्हणून सांगितलं.

कॉफी पिताना इवोनं खरं काम काढलं. त्याची नात ज्या छोट्या घोडेशाळेत जाते, तिथे पोरांची स्पर्धा होती, पुढच्या शनिवारी. तट्टं, गुडघ्याएवढ्या दांड्या. नव्या समितीनं एका आठवड्यात परवानगी दिली होती. पूर्वी अशा शाळेनं विचारायची छाती केली नसती. पंच मिळत नव्हता.

"मी दांड्या उचलायला असणार आहे," तो म्हणाला. "तू येशील?"

लुतगार्तनं खिडकीबाहेर पाहिलं. जायला काहीच हरकत नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वी असा फोन यावा म्हणून ती दिवसदिवस घरात थांबली होती. आता तिनं मनात नीट शोधून पाहिलं, तर पहाटे उठून डबा भरायची इच्छा कुठेच सापडेना.

"या वर्षी नको, इवो," ती म्हणाली. "दमलेय मी. रागावलेय म्हणून नाही. खरंच दमलेय."

त्यानं मान डोलावली. त्यानं आग्रह केला नाही, याचं तिला बरं वाटलं. जाताना तिनं त्याला घेवड्याची पिशवी दिली. त्यानं ती हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरूनच फाटकापर्यंत गेला.

पुढच्या शनिवारी तिला जाग आली ती थेट साडेनऊला. ओमेर केव्हाचा उठून पेपर वाचत होता. "उठवायचं होतंस," ती म्हणाली.

"कशाला?" तो म्हणाला. ती कूस बदलून आणखी थोडा वेळ पडून राहिली.