व्हय म्हाराजा

आमच्या बाबांना, म्हणजे दत्ताराम परबांना, गाऱ्हाणं घालायची भारी हौस. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत कुणी गाडी घेतली, कुणाचं लग्न ठरलं, अगदी लिफ्ट बिघडली तरी बाबा नारळ घेऊन देवाला विनवणार आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणणार. आईचा जन्म तेवढं म्हणण्यातच गेला.

बायपासनंतर बाबांचं हृदय पार थकलं. रक्त पुढे ढकलायला डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून एक छोटा पंप आत सरकवला. तो कायमचा ठेवता येत नाही, म्हणून आज डॉक्टर गार्गी त्याचा वेग उतरवणार होत्या. हृदयाने भार उचलला तर बाबा वाचले. नाही उचलला तर काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. श्वासाची नळी काढली होती, तरी बाबा कुणाशी बोलत नव्हते. त्यांच्याशी बोलत राहा, असं सांगून डॉक्टरांनी आम्हा मायलेकींना आत घेतलं.

आई काय बोलणार? तिने हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणंच सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, ह्येंका बरे करून घराक धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

मग आईला जोर चढला. धाडतोच आहेस तर यांचा सुका बांगडा बंद कर, टीव्हीचा रिमोट माझ्या हाती दे, असं तिने एकेक मागून घेतलं. मी व्हय म्हणत गेले, मागून कुडाळची नर्सही म्हणू लागली. डॉक्टर मात्र वेग उतरवत स्क्रीनकडे बघत होत्या. मला भयंकर भीती वाटत होती.

"आणि ह्येंची ती भजनाची पेटी भंगारात जाऊंदे रे म्हाराजा."

मी दचकलेच. त्या पेटीला बाबा मलासुद्धा हात लावू देत नाहीत. मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून घोगरा आवाज आला.

"नाय म्हाराजा."

पंप आता जवळजवळ नावालाच चालू आहे, डॉक्टर म्हणाल्या, हे प्रेशर त्यांचं स्वतःचं आहे. आई पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"म्हणजे बाकीचा सगळा कबूल. जान्हवी, तू साक्षीक आसस हां."