दुखणाईताचं आधी

थोरलीने दोन बोटं दुधात बुडवली आणि वासराच्या तोंडात घातली. वासरू चोखेना. तिने बोटं आणखी आत सारली, टाळूला घासली, "घे गं माझे बाई, घोटभर तरी घे," म्हणून विनवलं. कालवडीने मान टाकली ती टाकलीच. मागच्या पायांवरून पिवळं पाणी ओघळत होतं. त्याचा आंबूस वास कितीही धुतलं तरी थोरलीच्या कपड्यांतून जात नव्हता.

शेजारच्या कप्प्यातलं वासरू मात्र ठणठणीत होतं. गजांतून तोंड काढून ते केव्हाचं हंबरत होतं.

"थांब रे हावरटा. दुखणाईताचं आधी, मग तुझं."

असं म्हणत तिने तीच ओली बोटं त्याला चोखायला दिली, तर मेल्याने अशी काही ओढली की दात लागले. आठवड्याभरात पहिल्यांदा थोरलीला हसू आलं.

दोघा भावांनी वेगळं झाल्यावर आपापल्या परीने जनावरं पाळली. थोरल्याने सिमेंटचा गोठा बांधला. वासरू जन्मलं की आईपासून काढायचं, कप्प्यात ठेवायचं आणि हाताने दूध पाजायचं. धाकट्याची जनावरं दिवसभर गवतावर, वासरं आयांच्या मागेमागे. थोरला म्हणायचा, याने जनावरं वाऱ्यावर सोडलीत. धाकटा म्हणायचा, दादाने वासरांची शाळा काढलीय, फक्त बाकं यायची राहिलीत. जावांचं मात्र मेतकूट होतं. धाकटीची एक गाय मेली तेव्हा तिने पोरकं वासरू सरळ थोरलीकडे आणून सोडलं. "ताई, तुमच्या हाताला गुण आहे," म्हणाली.

ते वासरू आलं तेच पोट सुटलेलं, केस राठ, शेण पातळ. पुढच्या काही दिवसांत गोठ्यातली वासरं एकामागून एक हगवणीला लागली आणि मरायला लागली. थोरलीच्या नवऱ्याने ते पोरकं वासरू ओढत भावाच्या दारात नेलं. "तुझी ही उंडारलेली घाण माझ्या गोठ्यात कालवलीस! आजपासून तुझा माझा संबंध संपला," असं सगळ्यांदेखत बोलला. ते वासरू तिथे दुसऱ्याच दिवशी मेलं. तेव्हापासून दोन्ही घरांत कुणी कुणाचं तोंड पाहत नव्हतं.

नळावर गमबूट धुता धुता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. वयाने लहान, पण बोलणं तोलूनमापून.

"काकू, शेणाची तपासणी आली. त्या बाहेरच्या वासराच्या पोटात जंत होते, पण ते गवतातले. त्यांनी जनावर खंगतं, असं झटपट मरत नाही. आणि ते पसरायला गवत लागतं. इथे तर सगळं सिमेंट."

"मग आमच्या वासरांना काय झालंय?"

"हा इथलाच रोग. जंतांहूनही बारीक जीव असतो, डोळ्यांना दिसत नाही. एका आजारी वासराच्या शेणातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. ओल, दाटी, हात, बाटल्या, बूट. त्या वासरालाही तो इथेच लागला. आलं त्या दिवशी मी त्याचं शेण नेलं होतं, तेव्हा त्यात नव्हता."

थोरलीला आठवलं. धाकटीचं वासरू यायच्या आधीपासूनच कोपऱ्यातली एक कालवड ढिली होती. दूध बाधलं असेल म्हणून ती कुणाला बोलली नव्हती. उलट जीव ओतून त्या कालवडीचं केलं होतं.

"दूध पाजायला कुठून सुरुवात करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जे जास्त आजारी, त्याच्यापासून," थोरली म्हणाली. "मग बाकीच्यांचं. पोरांचंही मी असंच केलं. तापलेल्या पोराच्या तोंडात पहिला घास."

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला.

"आजपासून उलटं करा, काकू. धडधाकट आधी, आजारी सगळ्यांत शेवटी. हात, बाटल्या प्रत्येक वेळी कढत पाण्याने धुवायच्या. बोटं तोंडात घालायची नाहीत. आणि महिनाभर नवीन वासरू आत आणू नका, कुठलंच."

त्या गेल्यावर थोरलीने साबण घेतला आणि हात घासायला बसली. नखं लाल झाली तरी घासतच होती. नवऱ्याला सांगायला हवं होतं. आज संध्याकाळी सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. मग भावाच्या दारात उभा राहून ओरडणारा नवरा डोळ्यांपुढे आला आणि तिचा धीरच सुटला. त्याला काय म्हणायचं? तुम्ही भाऊ तोडलात तो माझ्या हातांपायी?

उन्हं कलताना फाटक वाजलं. धाकटी उभी होती. सोबत दोरीला एक कालवड, तिच्या कळपातली सगळ्यांत देखणी. चकचकीत अंगाची, कान टवकारून सगळीकडे बघणारी.

"ताई, मी यांना न विचारताच आलेय," धाकटी म्हणाली. "तुमचा गोठा आमच्यामुळे बसला. मला रात्ररात्र झोप नाही. ही ठेवून घ्या. तुमच्या मेलेल्या वासरांची भरपाई नाही होणार, पण माझ्या मनाला तेवढंच. आणि भाऊजींना म्हणा, राग माझ्यावर काढा, यांच्यावर नको."

तिने कालवडीच्या पाठीवर थाप मारून तिला फाटकाच्या आत ढकललं.

"आत आणू नकोस!"

थोरली एवढ्या जोरात ओरडली की कालवड बिचकून मागे सरली. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला.

"एवढा राग, ताई?"

 थोरलीच्या सगळं जिभेच्या टोकावर होतं. तुझं वासरू मी मारलं, माझीही मीच मारली, तुझा काही दोष नाही गं. हातातलं ओलं फडकं तिने पिळलं, परत पिळलं. त्यातून आता थेंबही पडत नव्हता.

"घेऊन जा तिला," एवढंच ती म्हणाली. "गवतावर ने."

धाकटीने डोळे पुसले. दोरी मनगटाला गुंडाळली आणि वळली. कालवड तिच्या मागे उड्या मारत निघाली. रस्त्याच्या वळणावर धाकटीने एकदा मागे पाहिलं. हाक येईल म्हणून वाट पाहावी तशी थांबली आणि मग चालू लागली.

थोरलीचा नवरा घराच्या ओट्यावर येऊन उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "कळू दे त्यांना, कुणामुळे झालं ते."

थोरलीने फाटकाची कडी लावली.

"हो," ती म्हणाली.