डबीला कुणी हात लावला?

मी एक डबी बोलतेय. पत्र्याची, चपटी, तळहातात मावणारी. जन्म कारखान्यातला. एका यंत्राने दणका देऊन आकार दिला, दुसऱ्याने निळा रंग फासला आणि पोटात खोकल्याच्या गोळ्या भरून मला दुकानात पाठवलं. माझं झाकण फार घट्ट आहे. स्वतःचं कौतुक करू नये, पण भल्याभल्यांची नखं मी मोडली आहेत.

गोळ्या संपल्यावर मी कचऱ्यातच जायची, पण एका चष्मेवाल्याने मला ठेवून घेतलं. पुढे दुकान, मागे घर, असा त्याचा संसार. त्याने माझ्यात चष्म्याचे स्क्रू ठेवले, तिळाहून बारीक. त्याचा मुलगा शाळेतून आला की स्टुलावर बसून ते स्क्रू निवडायचा. केसभर फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. बाप त्याला कौतुकाने बारक्या म्हणायचा, आणि पुढे सगळेच म्हणू लागले.

बाप गेला. आई काउंटरवर बसू लागली, बारक्या आतल्या बाजूला फ्रेममध्ये काचा बसवू लागला. बाविसाव्या वर्षी तो आजारी पडला. गिऱ्हाईकं नव्या चष्म्यातून आपल्यावर पाळत ठेवतात, असं त्याला वाटू लागलं. नसलेली माणसं त्याच्याशी बोलायची, आणि फार वाईट बोलायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन-तीन महिन्यांत ते आवाज विरले आणि तो पुन्हा कामाला बसला. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, "गांजा ओढत असशील तर सोड. या आजारात तो आगीत तेल ओततो."

तो ओढत होता. स्क्रू कुठल्याशा बाटलीत गेले आणि माझ्या पोटात गांजा आला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण डबीला कोण विचारतंय. दुपारी दुकान बंद असताना तो मागच्या दारी बसून ओढायचा. तासभर निवांत दिसायचा. मग दोन दिवस सारखा मान वळवून मागे बघायचा. यातला संबंध मला दिसत होता, त्याला नाही.

आईला मी सापडले ते खाटेखालचा केर काढताना. तिने मला उघडलं, वास घेतला आणि तिथेच फरशीवर बसून राहिली. तिने त्याच्याशी बोलायला हवं होतं. पण मुलगा बिथरेल, घर सोडून जाईल, या भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग तिने आपल्या परीने उपाय काढला. रोज तो आंघोळीला गेला की ती माझ्यातला चिमूटभर गांजा काढून मोरीत सोडायची आणि कुंडीतली वाळकी पानं चुरून तेवढीच भर घालायची. हळूहळू कमी होत जाईल, त्याला कळणारही नाही, असं त्या माउलीला वाटलं. आणि मुलगा कोण, तर बारक्या.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "आई, माझ्या डबीला कुणी हात लावला?"

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण लावणार? घरात आहोत कोण, आपण दोघंच ना."

"आतलं कुणीतरी बदलतंय."

"अरे, तुझ्या मनाचे खेळ आहेत ते. असे भास होतील, असं डॉक्टर म्हणाले होते, आठवतंय ना?"

तेव्हा मी त्याच्या हातात होते. त्याने माझं झाकण उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या झाकणावर एक स्क्रू ठेवला. आंघोळ करून आला तर स्क्रू खाली पडलेला. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने विचारणंच सोडलं. डबीतलं बदलतात, तर गोळ्याही बदलत असतील, असं त्याच्या डोक्यात बसलं. गोळी जिभेखाली धरायची आणि आई वळली की थुंकून टाकायची, असं सुरू झालं. गांजा मात्र वाढला. तो आता बाहेरूनच ओढून येऊ लागला.

तीन आठवड्यांनी, भर सकाळी, त्याने दुकानातले सगळे चष्मे खाली ओढले आणि अनवाणी पायांनी चिरडले. ते आपल्याकडे बघत होते म्हणाला. शेजाऱ्यांनी त्याला धरून इस्पितळात नेलं. फरशीवर उमटलेली त्याच्या रक्ताची पावलं आईने एकटीने पुसली.

दीड महिन्याने तो परतला, आणि त्याच्यासाठी एक नर्सबाई घरी येऊ लागली. आवाज जाड, पण एकदा खुर्चीत बसली की घाई म्हणून नाही. आईने तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं.

"ताई, तुम्ही मायेपोटी केलंत," नर्सबाई म्हणाली. "पण त्याचं बरोबर होतं आणि तुम्ही त्याला भास ठरवलंत. सांगावं लागेल त्याला. मी बसते सोबत."

तिघं टेबलाशी बसली. मी मधोमध.

"बारक्या, डबीतलं मीच बदलत होते."

त्याने मला उचललं. "म्हणजे तो भास नव्हता."

"नाही रे. तेवढं खरं होतं."

"मग बाकीचं कशावरून खोटं? डबीचंही मनाचे खेळच, असं तूच सांगितलं होतंस."

त्याने मला उघडून पुन्हा टेबलावर ठेवलं.

त्या दिवसापासून मी टेबलावर उघडी असते. त्याच्याकडे जे असेल ते माझ्यात, सगळ्यांच्या समोर, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय. नर्सबाई दर आठवड्याला येते. कधी ओढलंस, त्याआधी काय झालं होतं, नंतर दोन दिवस कसे गेले, असं विचारते. ओरडत नाही. तोही थोडंफार सांगतो. मध्यंतरी मी सतरा दिवस रिकामी होते. मग पुन्हा भरले. आता पुन्हा नऊ दिवस रिकामी आहे.

अवघड आहे ते गोळीचं. रोज सकाळी आई गोळी आणि पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवते. तो विचारतो, "काही बदललंस?" ती म्हणते, "नाही." तो तिच्या तोंडाकडे बघत राहतो. कधी गोळी घेतो, कधी ग्लास सरकवून उठून जातो.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याच्या पाठीमागे काही करू नका. आणि केलंच, तर त्याने विचारल्यावर पहिल्याच दिवशी कबूल करा. पत्र्याच्या डबीचं एवढं ऐका.

आजही तिने "नाही" म्हटलं. ते खरं होतं, मी समोरच होते. तो ग्लास सरकवून उठून गेला, आणि ती अजून गोळी हातात धरून बसली आहे.