हिरव्या देठाचा पेला

मित्रांनो, मी काचेचा एक जुना पेला आहे. माझे अंग पारदर्शक आणि देठ हिरवा. जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या एका चिमुकल्या गावात, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी एका कारागिराने फुंकर घालून मला घडवले. त्याच दिवशी माझा जोडीदारही घडला.

त्या गावातील जुन्या घरांच्या भिंतींवर महापुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्या पाहत पाहत सिंगापूरहून आलेले निशिकांतराव आणि सरोजिनीबाई आम्ही दोघे होतो त्या नदीकाठच्या खानावळीत येऊन बसले. निशिकांतरावांनी आम्हां दोघांत द्राक्षाचा रस मागवला. बाईंनी मात्र पिशवीतून स्टीलचे फुलपात्र काढले.

"अहो, दारूच्या पेल्याला मी ओठ लावणार नाही."

"नुसता रस आहे गं."

"रस असो नाहीतर अमृत, पेला दारूचाच!"

निशिकांतराव हसले. निघताना त्यांनी आम्हां दोघांनाही विकत घेतले. "कधीतरी घेशील," ते म्हणाले.

सिंगापुरात, टॅम्पिनीस भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जोडीदाराला निशिकांतरावांच्या हाती रोज काम मिळे. कधी ताक, कधी कोकम. पाहुणे त्याच्या देठाचे कौतुक करत. मला बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला निशिकांतराव विचारत, "आज काढू का दुसरा?"

"पुढच्या वर्षी बघू."

नात इरा सिंगापुरी ढंगात चिडवी, "आजी, ग्लासच आहे ना, लाह!" मी अंधारात कान देऊन असे.

यंदा कोणी विचारलेच नाही. रुग्णालयातून घरी आणलेल्या निशिकांतरावांना गिळता येत नव्हते. वाढदिवसाच्या सकाळी बाईंनी स्वतः स्टुलावर चढून मला काढले, धुतले, रसाने भरले. पलंगाशी बसून, मान ताठ ठेवून, त्यांनी मला ओठ लावला.

"अहो, घेतला बरं का. बघा तरी."

निशिकांतरावांचे डोळे मिटलेलेच राहिले. बाईंनी रसात कापूस बुडवून त्यांचे ओठ ओले केले. दुपारी ते गेले.

मित्रांनो, फळीवर जपून ठेवलेली वस्तू फुटत नाही हे खरे, पण ती कोणाची तहानही भागवत नाही. घरच्या माणसाने प्रेमाने काही पुढे केले, तर ते लगेच घ्यावे.

आता रोज संध्याकाळी बाई आम्हां दोघांनाही भरतात. मी रिकामा होतो. जोडीदार भरलेलाच राहतो.